बे-लीफ आणि त्याचे भाऊबंद : ओकच्या सांगाड्याची इंग्रजी शेतघरं

सुतारपक्षी

वाड्यांच्या धाग्यावर विषयांतर फार व्हायला लागलं म्हणून हा वेगळा धागा. तिथे एका प्रतिसादात होतं की इंग्रजांची लाकडी घरं म्हणजे 'विटांच्या भिंतीवर शोभेला ठोकलेल्या काळ्या पट्ट्या'. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात लंडनच्या उपनगरांत जी घरं झाली त्यांच्यापुरतं हे खरं. पंधराव्या शतकातल्या शेतघराला हे लावू नका. तिथे 'पट्ट्या' काढल्या तर घर खाली बसेल. भिंती काढल्या तर घराला काही होणार नाही, फक्त आतल्यांना वारा लागेल.

उदाहरण बे-लीफचं घेऊ (कोर्टातला बेलिफ नव्हे). हे शेतघर मूळचं केंटमधल्या चिडिंगस्टोनच्या हद्दीतलं. बाऊ बीच इथे जलाशय होणार म्हणून १९६८-६९ मध्ये ते सांध्यासांध्याने सोडवलं आणि पश्चिम ससेक्समधल्या सिंगलटनच्या वील्ड अँड डाउनलँड संग्रहालयात पुन्हा उभं केलं. त्याचा हॉल आणि कोठाराचं टोक १४०५ ते १४३० च्या दरम्यानचं, वरचं टोक १५०५ ते १५१० चं.

या नमुन्याला वील्डन घर म्हणतात. ठराविक घर असं: मधे दोन खणांचा हॉल, जमिनीपासून छपरापर्यंत मोकळा. एका टोकाला एक खण कोठाराचा, दुसऱ्या टोकाला एक खण घरधन्याच्या खोल्यांचा. दोन्ही टोकांना माडी, आणि ती माडी खालच्या भिंतीच्या दीड-दोन फूट पुढे काढलेली. हिला जेटी म्हणतात. छप्पर मात्र एकच, सलग. त्यामुळे समोरून बघताना हॉल आत दबलेला दिसतो आणि त्याच्यावरची वळचणीची तुळई हवेत तरंगल्यासारखी वाटते. तिला दोन्ही बाजूंच्या खांबांतून आलेले वाकडे टेके तोलून धरतात. घर वील्डन आहे की नाही हे रस्त्यावरून ओळखायची खूण म्हणजे हे दोन टेके.

हॉलच्या खालच्या अंगाला समोरासमोर दोन दारं, म्हणजे आरपार बोळ. त्या बोळातून कोठाराकडे आणखी दोन दारं: बटरी आणि पँट्री. बटरीचा लोण्याशी काही संबंध नाही, तिथे बिअरची पिंपं असत. पँट्रीत पाव आणि कोरडा शिधा. हॉलच्या वरच्या अंगाला घरधन्याचं टेबल. विस्तव हॉलच्या मधोमध, थेट भुईवर. धुराडं नाही. धूर वर जाऊन छपराच्या दोन टोकांना ठेवलेल्या तिकोनी झरोक्यांतून निघायचा, आणि त्याची काजळी अशा घरांच्या वाशांवर आजही सापडते. खिडक्यांना काच नाही. चौकटीत चौरस गज कोनावर उभे केलेले आणि आतून सरकती फळी.

कडीपाट

छान धागा. 'खण' हा शब्द आपण वापरता तो वाड्यातलाच ना? पाच खणी, सात खणी म्हणतो तसा?

आणि दोन शंका. (१) लाकूड किती वर्षं मुरवायचे? सागवान तर तासून ठेवून देतात. (२) छायाचित्रांत छपराला आढं दिसत नाही. आढ्याशिवाय वासे उभे कसे?

सुतारपक्षी

खण तोच. दोन आडव्या चौकटींमधलं अंतर, इकडे साधारण १० ते १६ फूट. जुन्या इंग्रजी जमीन-नोंदींतही घर किंवा कोठार किती खणांचं ते लिहिलेलं असतं.

पहिल्या शंकेचं उत्तर: मुरवायचेच नाहीत. झाड तोडायचं, त्याच वर्षी नाहीतर पुढच्या वर्षी घरात. ओक ओला असताना वाकस आणि पटाशीला मान देतो. वाळला की हत्यारांची धार घालवतो. शिवाय ओक जाडीच्या दर इंचाला वर्षभर या हिशेबाने वाळतो असं धरतात, म्हणजे १० इंची खांबासाठी कोण थांबणार? लाकूड घरात लागल्यावर वाळतं, आकसतं, पिळतं. सुतार हे गृहीत धरूनच सांधा करतो. आज या घरांत जे वाकलेपण दिसतं त्यातलं बरंचसं पहिल्या १०-२० वर्षांतलं आहे.

लाकूड किती लागायचं? सफोकमधल्या स्टँटन गावच्या ग्रंडल हाउसचा हिशेब जंगलांच्या इतिहासाचे अभ्यासक ऑलिव्हर रॅकहॅम यांनी मांडला होता: सुमारे ३३० ओक. आकडा ऐकून जंगल उजाड झालं असं वाटतं, पण यातले बहुतेक ओक लहान होते. सुतार शक्यतो एका झाडातून एकच तुकडा काढायचा, चारी बाजू तासून, गाभा मधोमध ठेवून. मोठं खोड फाडून चार खांब करणं त्याला नको असायचं. करवतीची मजुरी वाढते. म्हणून तर कितीतरी वाशांच्या कडेला झाडाची मूळ गोलाई आणि साल काढल्याची खूण तशीच दिसते. ती हलगर्जी नव्हे.

ओळंबा

दुसऱ्या शंकेचं मी लिहितो. आढं खरंच नसतं. वाशांच्या जोड्या शेंड्याला एकमेकांत खाच पाडून खुंटीने जोडतात, आणि मधल्या उंचीवर प्रत्येक जोडीत एक आडवी पट्टी, कॉलर. झाली कैची. अशा कैच्या दीड-पावणेदोन फुटांवर एकामागे एक, उतार ५० अंशांच्या आसपास.

यातला धोका म्हणजे कैच्या पत्त्यांसारख्या एका दिशेला झोपू शकतात. ते टाळायला सगळ्या कॉलरच्या खालून एक लांब तुळई घराच्या लांबीने नेतात आणि तिला प्रत्येक मोठ्या आडव्या तुळईच्या मधोमध एक खांब देतात. हा क्राउन पोस्ट. त्याच्या माथ्यातून चार दिशांना वाकडे टेके निघतात: दोन लांब तुळईला, दोन कॉलरला. हॉलमध्ये सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो म्हणून त्याला पायथा, गळा, नक्षी सगळं असतं.

इथे वारंवार होणारी चूक सांगून ठेवतो. क्राउन पोस्ट खालची तुळई *लटकवून धरत नाही*. तो तिच्यावर *उभा* आहे आणि तिला दाबतोय. नंतरच्या काळातल्या किंग पोस्ट कैचीत उलट असतं, तिथे मधला खांब ओढ घेतो. हा फरक न कळलेले लोक 'आधार वाढवू' म्हणून क्राउन पोस्टच्या तळाला लोखंडी पट्टे मारून तुळईशी बांधतात. त्याने काही साधत नाही, ओकमधलं टॅनिन लोखंड खातं आणि भोवतीचं लाकूड निळं-काळं पडतं. दुरुस्तीत धातू लागलाच तर स्टेनलेस.

भोचकभवानी

वासे खुंटीने जोडतात म्हणता, म्हणजे खिळे नाहीत. मग खुंट्या सैल होऊन पडत कशा नाहीत? सहाशे वर्षं!

सुतारपक्षी

भवानीताई, प्रश्न बरोबर जागी घातलात. (खिळे अजिबात नाहीत असं नाही, फळ्यांना आणि दारांना असतात. सांगाड्यात नाहीत.)

कुसू म्हणजे लाकडाच्या टोकाला काढलेली जीभ, खोबण म्हणजे ती बसते तो खळगा, आणि जीभ जिथून सुरू होते तो खांदा. कुसू जाडीला दीड-दोन इंच. खुंटीचं छिद्र साधारण पाऊण इंची. आधी खोबणीच्या दोन्ही गालांतून गिरमिटाने छिद्र पाडायचं. मग कुसू आत घालून त्याच्यावर त्या छिद्राची खूण करायची, कुसू बाहेर काढायचं आणि त्यातलं छिद्र खुणेवर न पाडता खांद्याच्या दिशेने साधारण ३ मिलिमीटर सरकवून पाडायचं. आता सांधा बसवला की तिन्ही छिद्रं एका ओळीत येत नाहीत. निमुळती खुंटी ठोकत गेलात की ती किंचित वाकते आणि कुसवाला खोबणीत खेचून धरते. पुढे खांब वाळून आकसला तरी वाकलेली खुंटी ओढतच राहते.

चुकतं कुठे: सरक ५-६ मिलिमीटर झाली तर खुंटी तरी तुटते, नाहीतर कुसवाचं टोक चिरून बाहेर येतं. सरक नसेल तर सांधा वर्षभरात खुळखुळतो. खुंटी लेथवर काढलेली गुळगुळीत असेल तर तंतू मधेच कापलेले असतात, तीही तुटते. खुंटी चिरफळून काढायची, म्हणजे तंतू टोकापासून टोकापर्यंत अखंड. आणि खुंटीचा ओक *वाळलेला* हवा. वाळकी खुंटी ओल्या खांबातलं पाणी पिऊन फुगते, खांब तिच्याभोवती आकसतो.

कडीपाट

खांबाचा वरचा भाग फोटोत रुंद दिसतो, बंदुकीच्या दस्त्यासारखा. शोभेसाठी?

ओळंबा

नाही, घरातल्या सगळ्यांत महत्त्वाच्या सांध्यासाठी. म्हणूनच हे खांब बहुधा झाडाच्या उलटे उभे असतात: बुंध्याकडची पसरट बाजू वर.

कारण खांबाच्या माथ्यावर तीन लाकडं एकत्र येतात. खांब, भिंतीच्या माथ्यावरून जाणारी लांब तुळई आणि तिला काटकोनात घर ओलांडणारी आडवी तुळई. शिवाय वाशाचा पाय तिथेच टेकणार. एका साध्या खांबात दोन दिशांची दोन कुसवं काढायला लाकूडच पुरत नाही. रुंद माथ्यात ते जमतं: बाहेरच्या बाजूचं कुसू लांब तुळईत, आतल्या बाजूचं उंच कुसू, पहिल्याला काटकोनात, आडव्या तुळईत. वर आडवी तुळई लांब तुळईवर डव्हटेलने बसते, म्हणजे पारव्याच्या शेपटीसारख्या पसरत गेलेल्या खाचेत. वासे भिंतीला बाहेर ढकलतात, डव्हटेल तिला आत ओढून धरतं.

आता गंमत बघा. डव्हटेल ९ इंच रुंद असेल आणि ओला ओक आडव्या अंगाने ६-८ टक्के आकसत असेल, तर शेपटी अर्धा इंच तरी अरुंद होते आणि लांब तुळई बाहेर सरकू शकते. म्हणूनच एकट्या डव्हटेलवर भरवसा ठेवलेला नाही. तो ढिला पडला की आतलं उंच कुसू भार घेतं. लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, त्यामुळे हे दुसरं कुलूप टिकतं.

जुनं घर तपासताना आधी हा सांधा बघावा. तो वळचणीखालीच असतो, वरचं एक कौल सरकलं की पाणी थेट इथे. बाहेरून धडधाकट दिसतो आणि आतलं कुसू भुसा झालेलं असतं. टोच्याने टोचून बघणं हाच साधा उपाय.

केंटकर

उभारणीबद्दल थोडं जोडतो, कारण घर सोडवून परत जोडता येतं यामागचं खरं कारण तिथे आहे.

सांगाडा जागेवर तयार होत नसे. सुताराच्या आवारात एकेक चौकट जमिनीवर आडवी मांडायची, लाकडं एकमेकांवर ठेवून ओळंब्याने खुणा करायच्या. प्रत्येक लाकूड वाकडंतिकडं, त्यामुळे प्रत्येक सांधा फक्त त्याच जोडीला बसणार. अदलाबदल शक्यच नाही. म्हणून प्रत्येक सांध्यावर आकडा कोरायचा, रोमन पद्धतीचा, पण सुतारी रोमन: चारला चार उभ्या रेघा, नऊला पाचाच्या खुणेपुढे चार रेघा. एकाच्या मागे-पुढे असण्याने आकडा बदलेल अशी पद्धत वापरली तर लाकूड उलटं फिरवल्यावर नऊचे अकरा होतील. मग सगळं सुटं, गाडीवर, आणि जागेवर एका क्रमाने उभं.

बे-लीफ उतरवताना हाच खेळ उलटा खेळला गेला. जलाशयाच्या हद्दीतलं विंकहर्स्ट हे दुसरं घरही त्याच संग्रहालयात आहे.

'हे लाकूड जुन्या जहाजांचं आहे' असं जवळजवळ प्रत्येक गावात सांगतात. पुरावा काय, तर तुळईत रिकाम्या खोबणी आणि लाकूड वाकडं. वाकडं लाकूड वाढलंच तसं, मुद्दाम टेक्यांसाठी निवडलेलं. रिकाम्या खोबणी दोन कारणांनी येतात. एक, तिथली आडभिंत किंवा टेका कुणीतरी नंतर काढला. दोन, तुळई आधीच्या एखाद्या *घरातून* आणली. समुद्रापासून चाळीस मैल आत, रस्ते चिखलाचे, शेजारी ओकची राई, आणि माणूस जहाज फोडून तुळया आणेल?

चुन्याची_निवळी

भिंतींवर कुणीच लिहिलं नाही अजून. खांबांमधल्या चौकटी भरतात ती पद्धत म्हणजे आपला कूड, नाव वेगळं. कोकणात कारवी आणि शेणमाती, इथे हेझल नावाच्या झुडपाच्या फोका आणि शेणमाती.

क्रम असा. वरच्या आडव्या लाकडाच्या खालच्या अंगाला फुटा-दीड फुटावर छिद्रं असतात, खालच्या लाकडाच्या वरच्या अंगाला सलग चर. ओकच्या चिरफळलेल्या उभ्या काठ्या वर छिद्रात घालायच्या, खाली चरात दाबून सरकवायच्या. त्यांच्यातून हेझलच्या अर्धा ते एक इंची फोका टोपलीसारख्या विणायच्या. (पूर्ण कूड गेलेला असला तरी वर छिद्रं आणि खाली चर दिसला की तिथे भिंत होती हे कळतं. वर छिद्रं नसतील आणि कोनावरच्या चौकोनी खाचा असतील तर ती खिडकी.)

लगदा: चिकणमाती असलेली खालच्या थरातली माती, फार चिकट असेल तर वाळू, तीन-चार इंचांचा कापलेला पेंढा भरपूर आणि गाईचं शेण. पायाने तुडवायचा. मग दोन माणसं भिंतीच्या दोन बाजूंना, *एकाच वेळी* लगदा मारायचा, म्हणजे फोकांमधून तो एकमेकांत घुसतो. एका बाजूने सगळं लिंपून मग दुसरी बाजू केलीत तर थर पापुद्र्यासारखा सुटतो. कडेने भेगा पडणारच. तीन-चार आठवड्यांनी त्या दाबून भरायच्या.

वर चुन्याचा केसाळ गिलावा, एक भाग मुरवलेला चुना आणि तीन भाग वाळू, त्यात जनावराचे केस. मग सफेदी दुधासारखी पातळ, चार-पाच हात, प्रत्येक हाताआधी भिंत ओली करून आणि मधे एक दिवस सोडून. दाट हात मारलात तर भुकटी होऊन हाताला लागते. पारा ५ अंशांच्या खाली जात असेल तर काम बंद.

आणि गिलावा लाकडाच्या *पातळीत* संपवायचा. पुढे आला तर त्याच्या वरच्या कडेवर पाणी थांबतं, मागे राहिला तर खालच्या लाकडावर.

एम_वीस

एवढा खटाटोप कशाला? चौकटीत विटा भरा, वर सिमेंटचा वॉटरप्रूफ गिलावा, लाकडाच्या भेगांत सीलंट. पुढची पन्नास वर्षं बघायला नको.

चुन्याची_निवळी

विसाव्या शतकात हेच सर्रास केलं, आणि आता दुरुस्तीला येणाऱ्या घरांत मुख्य आजार हाच असतो. साहेब, वॉटरप्रूफ गिलावा पाणी आत यायला अडवत नाही, *बाहेर जायला* अडवतो.

ओक ऋतूप्रमाणे हलतो, सिमेंट हलत नाही. दोघांच्या मधे केसाएवढी फट पडते. पाऊस तिथून आत ओढला जातो. चुन्याच्या भिंतीत तो दुसऱ्या दिवशी वाळून गेला असता. सिमेंटमागे तो खाली उतरतो आणि तळाच्या तुळईवर साचतो. लाकडातलं पाणी २० टक्क्यांच्या वर राहिलं की बुरशी आली, बुरशीमागून कीड. बाहेरून भिंत चकाचक. गिलावा ठोकून बघितला की पोकळ वाजतो, आणि काढल्यावर तळाची तुळई हाताने खरवडता येते.

सीलंटचंही तेच. भेगेतून पाणी जातं, पण तिथूनच वाळतं. वरून तोंड बंद केलंत की खालून आत शिरलेलं पाणी अडकलं. बहुतेक भेगा मुळात धोक्याच्या नसतात. फक्त वर तोंड करून असलेल्या, पाणी साठवणाऱ्या भेगेत ओकची पाचर बसवावी.

विटांचं म्हणाल तर विटा भरलेली घरं आहेतच, सोळाव्या-सतराव्या शतकापासून. छान दिसतात. पण वजन वाढतं, वीट पाणी धरते आणि चौकट कुडाचा भार धरून आखलेली असते.

केंटकर

तळाची तुळई बदलायची कशी तेही लिहून टाकतो, बरेच जण इथेच घर बिघडवतात.

आधी कारण काढा. बहुतेक वेळा शतकानुशतकं अंगण चढत गेलेलं असतं आणि जोतं मातीखाली गेलेलं असतं. बाहेरची जमीन तुळईच्या खाली किमान १५० मिलिमीटर येईपर्यंत उतरवा. एवढ्यानेच कधीकधी निम्मं काम होतं.

मग टेकू. माडीच्या तुळयांना आणि खांबांना जॅक लावून भार *घ्यायचा*, घर *उचलायचं* नाही. सहाशे वर्षांत घर जसं कललंय तसंच राहू द्यायचं. सरळ करायला जाल तर वरचे सगळे सांधे, जे कललेल्या स्थितीत निवांत बसलेत, ते ओढले जातात आणि कुसवं मोडतात. जॅक काही मिलिमीटर फिरला आणि वरून कुरकुर आली की थांबा.

कुजकं लाकूड कापताना निरोगी गाभ्यापर्यंतच. सगळी तुळई बदलायचा मोह आवरा. लांबीचा जोड घालताना जोडाची लांबी लाकडाच्या उंचीच्या अडीच-तीन पट तरी हवी. कुजलेल्या खांबाचा पाय बदलायलाही हाच नियम.

खरी अडचण यानंतर. वरचे सगळे उभे दांडे कुसवाने तुळईत बसलेले आहेत. नवी तुळई खालून घालायची तर घर कुसवाएवढं, दोन-तीन इंच, उचलावं लागेल, आणि तेच करायचं नाहीये. म्हणून नव्या तुळईच्या खोबणी एका बाजूने उघड्या ठेवतात, तुळई आडवी सरकवतात, मग बाजूने ओकचा तुकडा बसवून खुंटी मारतात. किंवा दांड्याच्या पायात खाच घेऊन सुटं कुसू बाजूने घालतात. खाली जोत्यावर बैठक चुन्याच्या मसाल्याची. सिमेंटची नाही, हे आता पुन्हा लिहायला नको.

नवं लाकूड काळं रंगवून जुन्यात मिसळू नका. ओक काही वर्षांत आपोआप रुपेरी होतो. नव्या तुकड्यावर वर्ष कोरून ठेवणं चांगलं. विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जी वास्तुरक्षण संस्था काढली तिचा आग्रह हाच होता: कमीत कमी बदला, आणि बदललेलं लपवू नका.

कडीपाट

वाळवी?

केंटकर

ब्रिटनमध्ये वाळवी जवळजवळ नाहीच. १९९० च्या दशकात डेव्हनमधल्या सॉन्टनला वसाहत सापडली तो गाजलेला अपवाद. ओकचा इथला शत्रू डेथवॉच नावाचा भुंगा. वसंतात डोकं लाकडावर आपटून टकटक करतो. छिद्रं साधारण ३ मिलिमीटरची. फर्निचर-किड्याची छिद्रं दीड-दोन मिलिमीटरची आणि तो बहुधा सालीकडचं मऊ लाकूडच खातो, त्याने घाबरून जायचं कारण नाही. डेथवॉचची अळी मात्र गाभ्यात असते, आणि घरात तिला पूर्ण वाढायला दहा वर्षंही लागतात. पण तिला बुरशीने मऊ केलेला ओलसर ओक लागतो. म्हणजे औषध फवारण्याआधी गळती शोधा. फवारा वरच्या काही मिलिमीटरमध्ये राहतो, अळी आत सुखात. छिद्रं जुनी की नवी ते कडांवरून ओळखा: कडा धारदार आणि खाली पिवळसर ताजी भुकटी असेल तर किडा आहे. काळपट बोथट कडा म्हणजे तो शंभर वर्षांपूर्वीच गेला असेल.

वर्तुळं

वर १४०५ ते १४३० असा आकडा आहे, तो कुठल्या कागदावरून नव्हे, लाकडातल्या वर्तुळांवरून. पद्धत थोडक्यात: जाड-बारीक वर्तुळांचा क्रम तयार आलेखाशी जुळवायचा. साल चिकटलेली असेल तर झाड तोडल्याचं वर्ष, कधी ऋतूही कळतो. साल नसेल पण बाहेरच्या मऊ लाकडाची सुरुवात दिसत असेल, तर दक्षिण इंग्लंडच्या ओकमध्ये त्या थराची ९ ते ४१ वर्तुळं धरतात. म्हणून उत्तर एका वर्षाऐवजी पट्ट्यात येतं. मऊ थर पूर्ण तासला असेल तर फक्त 'या वर्षानंतर' एवढंच म्हणता येतं. आणि ५० च्या आत वर्तुळं असली तर सहसा जुळतच नाही. भराभर वाढलेल्या ओकच्या घरांचा हाच वांधा.

लाकूड ओलंच वापरत असल्याने तोडीचं वर्ष आणि बांधणीचं वर्ष यांत फार अंतर नसतं. सागवानी वाड्याला हा हिशेब लावता येणार नाही.

ओळंबा

वर्तुळं मोजणं न परवडणाऱ्यांसाठी हाताशी असलेल्या दोन खुणा. माडीच्या आडव्या कड्या *पालथ्या* असतील, म्हणजे रुंद अंग आडवं, तर घर मध्ययुगीन वळणाचं. कड्या उभ्या, उंची जास्त आणि रुंदी कमी, तर बहुतेक सोळाव्या-सतराव्या शतकानंतरचं काम. पालथी कडी भार घ्यायला कमजोर हे सुतारांना कळत नव्हतं असं नाही. तिच्यावर उभं राहून काम करता येतं, ती पिळत नाही, आणि लहान झाडातून ती तशीच निघते.

दुसरी खूण छपरात. हॉलवरचे वासे काजळीने काळे आणि टोकांच्या खणांवरचे स्वच्छ असतील तर तिथे उघडा विस्तव होता. पुढे सोळाव्या-सतराव्या शतकात हॉलमध्ये विटांचं धुराडं आणि माडी घातली गेली, तेव्हापासून काजळी थांबली. म्हणजे आज जी घरं 'दुमजली, मधे मोठं धुराडं' अशी दिसतात त्यांतल्या कितीतरींचं खरं वय पोटमाळ्यात लपलेलं असतं.

ती काजळी कुणी साफ करू नये, सँडब्लास्ट तर अजिबात नको. एका सकाळच्या हौसेत पुरावाही जातो आणि वाकसाच्या खुणाही.

भोचकभवानी

मग काळा-पांढरा रंग खोटा?

सुतारपक्षी

आग्नेय इंग्लंडपुरतं बोलायचं तर बराचसा एकोणिसाव्या शतकातला. आधी लाकूड उघडं रुपेरी, नाहीतर भिंतीबरोबर त्याच्यावरूनही चुन्याचा हात. डांबर किंवा ऑइलपेंट असेल तर तो सीलंटचाच थोरला भाऊ समजा, पण खरवडायला जाऊ नका, उन्हापावसाने हळूहळू जाऊ द्या.

केंटकर

आणि काहीही करण्याआधी: १७०० पूर्वीची, मूळ रूपात बऱ्यापैकी टिकलेली घरं जवळजवळ सगळी संरक्षित इमारतींच्या सरकारी यादीत असतात. बहुतेक ग्रेड दोन, थोडी दोन-तारांकित आणि एक (एक ही सर्वांत वरची). १९९० च्या कायद्याने परवानगीशिवाय फेरफार करणं फौजदारी गुन्हा आहे, आणि यादी फक्त दर्शनी भागाची नाही, आतला क्राउन पोस्टही त्यात आला. छपरात वटवाघळं असतील तर त्यांना वेगळं संरक्षण आहे. कौलं उतरवायच्या आधी ते तपासून घ्या.

कडीपाट

कौलांचं माप काय? पूर्वीपासून असंच आहे का?

केंटकर

१४७७ च्या कायद्याने ठरवलेलं: साडेदहा इंच लांब, सव्वासहा रुंद, पाच-अष्टमांश जाड. आजचं साधं इंग्रजी कौल साडेदहा बाय साडेसहा, म्हणजे फरक पाव इंचाचा. ४ इंच उघडं ठेवून लावलं तर चौरस मीटरला ६० लागतात. ओकच्या खुंटीने चिरफळलेल्या पट्टीवर अडकवायची. गळतं तेव्हा बहुधा कौल फुटलेलं नसतं, खुंटी कुजलेली असते. जुनी कौलं धुऊन परत वापरा, नवी लागलीच तर मागच्या पाख्यावर एकत्र लावा.

भोचकभवानी

सिंगलटनला जाणाऱ्यांनी घराची 'पुढची' बाजू ओळखायची कशी? दारावरून नको, सांगाड्यावरून सांगा.

सुतारपक्षी

खुंट्यांवरून. चौकट जमिनीवर मांडली तेव्हा जे तोंड वर होतं त्या बाजूने खुंट्या ठोकलेल्या असतात, आणि सुताराचे आकडेही त्याच बाजूला. बाहेरच्या भिंतीत ते तोंड बाहेर. हॉलच्या मधल्या उघड्या चौकटीत ते सहसा वरच्या अंगाला, म्हणजे घरधन्याच्या टेबलाकडे. बोळात उभं राहून बघाल तर तुम्हाला खुंट्यांची बारीक शेपटं दिसतील. टेबलापाशी जाऊन मागे वळलात की डोकी.